आपण म्हणजे कोण कोण

सगळा घोळ एका शब्दाने केला, आणि तो शब्दही काही भारीतला नव्हता. रोज येता-जाता तोंडात असतो तसला.

संध्याकाळ होती. ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून दिवसपाळी करून आली होती आणि चपला काढायचंही त्राण नसल्यामुळे तशीच स्टुलावर बसून चहाला उकळी यायची वाट बघत होती. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. त्याची कायमची रात्रपाळी, त्यामुळे तो नुकताच झोपेतून उठून दाढी करत होता. फोन आरशाखाली स्पीकरवर टाकलेला, आणि पलीकडे त्याची थोरली बहीण.

"बाकी काय नवीन?" बहिणीने विचारलं.

"नवीन म्हणजे, ताई, आपण त्या राजधानीला जाऊन यायचं म्हणतोय. युरोपातल्या. तो किल्ला, नदी, जुने पूल वगैरे. चार दिवस. विमान स्वस्तात मिळतंय."

चहा उतू गेला. तिने तो जाऊ दिला.

फोनमधून वन्संचा आवाज आला, आणि त्यात इतका ओला आनंद होता की भट्टीवाल्याचा वस्तरा गालावरच थांबला. "आपण? अरे बाळ, आधी नाही का सांगायचं. तुझ्या भावोजींच्या गुडघ्याचं बघायला हवं. अहो, ऐकलंत का, बाळ आपल्याला युरोपला नेतोय."

आता 'आम्ही' म्हटलं असतं तर दार लोटलं गेलं असतं, ऐकणारा बाहेर राहिला असता आणि 'बरं, जाऊन या' म्हणाला असता. 'आपण' म्हटलं की ऐकणारा चपला काढून आत येऊन बसतो. लहान पोराला कळतं हे. पण भट्टीवाल्याला ते बोलून झाल्यावर कळलं. तो अर्धा गाल साबणाचा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"चुकून गेलं," तो म्हणाला.

"मग परत घ्या."

"ती रडत होती गं. आनंदाने."

ती उठली आणि ओटा पुसायला लागली.

या दोघांचा संसार जिन्यात झाला होता. सकाळी ती उतरायची तेव्हा तो चढायचा, संध्याकाळी ती चढायची तेव्हा तो उतरायच्या तयारीत. किल्ली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची, जाताना बोटाला बोट लागायचं, ते त्या दिवसाचं लाडाचं काय ते. पलंग कधी गार पडत नसे, कारण एक उठला की दुसरा त्याच खळग्यात आडवा. घरातली महत्त्वाची बोलणी तर तो झोपलेला असतानाच व्हायची. सुट्टीच्या दिवशी बाजारात जाताना ती दारातून विचारायची, "अहो, गॅसचा नंबर लावला का?" आणि तो गाढ झोपेतून म्हणायचा, "लावला." लावलेला असायचा. "भाडं दिलं?" "उद्या." खरंच उद्या असायचं. जागेपणी माणूस भिडस्त, कोणाला नाही म्हणणं जमत नाही, उधार मागणाऱ्याला स्वतःहून जास्त देईल. झोपेत मात्र हरिश्चंद्र. ती त्याच्या झोपेवर जेवढा विश्वास ठेवायची तेवढा त्याच्यावर नाही ठेवायची.

तर ही सहल. खरं सांगायचं तर तिला किल्ल्याचं काही पडलं नव्हतं. लॉन्ड्रीतल्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघता बघता तिला एक खोली सापडली होती. त्या जुन्या राजधानीत, मागच्या गल्लीत, एका घड्याळजीच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून स्वस्त. फोटोत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी, खिडकीतून समोरची भिंत. खाली लिहिलेलं, दोघांसाठी. बास. तो फोटो ती कितीतरी दिवस बघत होती. दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालता घालता तिने मनात त्या पलंगावर आपली चादर घातली होती आणि त्यावर दोघंही एकाच वेळी आडवे झाले होते, आणि कोणालाच कुठे जायचं नव्हतं. लॉन्ड्रीच्या सुपरवायझरच्या आणि बेकरीच्या मालकाच्या हातापाया पडून दोघांची सुट्टी एका वेळी मिळवायला किती वर्षं गेली ते जाऊ दे. मिळाली होती. खोली धरून ठेवली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत 'नक्की' दाबायचं, नाहीतर गेली.

"तुम्ही त्यांना फोन करा," दुसऱ्या दिवशी जिन्यात किल्ली देताना ती म्हणाली. "म्हणायचं, ताई, आम्ही. आम्ही दोघं चाललोय. म्हणून बघा."

"आ," भट्टीवाला म्हणाला. त्याच्या भुवयांना पीठ होतं. "आ... आपण आता झोपूया का? म्हणजे मी?"

"आम्ही म्हणा."

"अगं, आई गेल्यावर तिने मला वाढवलं. तिला कसं म्हणू आम्ही? तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. चिठ्ठीत लिहून देऊ का?"

"चिठ्ठीत 'आपण' लिहाल."

तो वर गेला आणि तिच्या खळग्यात झोपला.

तिकडे वन्संनी आनंदाच्या भरात, यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना फोन केला. काकूंशी त्यांची जुनी मैत्री, आणि काकूंना दुपारी कोणीतरी बोलायला लागायचंच. "काकू, आपण युरोपला चाललोय," वन्सं म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं आम्ही, पण भावाच्याच तालमीतल्या. काकूंनी त्याच संध्याकाळी जिन्यात तिला गाठलं.

"अगं, मी पाय शेकायचं मशीन घेतलं तर चालेल ना? विमानात नाही म्हणत, तिथे रूमवर. रूममध्ये प्लग असेल ना?"

"काकू, तुम्ही कुठे चाललात?"

"असं काय करतेस. आपण नाही का चाललो."

ती जिन्यातच कठड्याला टेकून उभी राहिली. दिवसभर ओल्या चादरी ओढून दंड भरून आलेले. तिला वाटलं, आता खालचा वॉचमन वर बघून म्हणेल, आपण कधी निघायचं.

रविवारी दुपारी तिच्याच घरी बैठक ठरली. वन्संनी ठरवली, आणि काकूंना आता नाही कोण म्हणणार, म्हणून त्यांनाही धरलं. त्यांना पाच जणांचा एक पास सापडला होता, ज्यात किल्ला, घंटाघर, राजवाडा, बोट आणि अकरा चर्च एकाच दरात बसत होती. शिवाय स्टेशनमागे पाच पलंगांची खोली. "एकावर एक पलंग," वन्संनी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं. "तू वरच्यावर. तू काटकुळी आहेस. आणि ती तुमची दोघांची खोली रविवारी रद्द करून टाकू. उगाच पैसे अडकायला नकोत."

भट्टीवाला रविवारी सकाळी रात्रपाळी करून आला, पाहुण्यांसाठी बाजार करून दुपारी आडवा झाला, आणि नुकता डोळा लागतोय तोवर बेल वाजली. भावोजी आले होते. एकटे, कारण वन्संना काकूंकडे आधी डोकवायचं होतं. भावोजी नेहमी सडपातळ. आज दारात कोणी पैलवान उभा.

"ओळखलं नाहीस?" पैलवान म्हणाला. "रंगीत तालीम आहे."

स्वस्तातल्या विमानात एकच लहान पिशवी नेता येते आणि वरच्या सामानाला पैसे पडतात, हे वाचल्यापासून भावोजींची झोप उडाली होती. त्यावर त्यांनी शोध लावला होता. चारही दिवसांचे कपडे अंगावरच घालायचे. चार शर्ट, दोन स्वेटर, दोन पँटी, वरून कोट, कोटाच्या एका खिशात टॉवेल, दुसऱ्यात दाढीचं सामान, आतल्या खिशात मोजे. "अंगावरच्या कपड्यांचं वजन कोणी करत नाही," ते म्हणाले. "बसून बघतो." बसले. खुर्चीच्या हातांमध्ये गच्च बसले ते तिथेच राहिले.

वन्सं आणि काकू आल्या. तिने पाहुण्यांना बसायला जमिनीवर जाड चादर अंथरली, चहा टाकला. भट्टीवाला भिंतीला टेकून खुर्चीत बसला होता, डोळे उघडे, पण आत कोणी नव्हतं.

"पहिल्या दिवशी," वन्संनी सुरू केलं, "सकाळी किल्ला. मग खाली येऊन तीन चर्च. मग जेवण नाही, कारण पास संध्याकाळपर्यंतच आहे, मग बोट. बोटीत खाऊ. बाळ पाव आणेलच."

"बोटीत संडास असतो का?" भावोजींनी विचारलं.

भावोजींचा जगाच्या इतिहासाशी संबंध होता तो एवढाच. त्यांनी राजधानीचा नकाशा छापून आणला होता आणि त्यावर लाल शाईने गोल केले होते. ते काढायला कोटाच्या आत हात घालताना घामाने निथळले. "हे सगळे पैसे घेणारे," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी नाणं टाकायचं. आत जायला नाणं. मी म्हटलं, माणूस घाईत असताना त्याच्याकडून पैसे घेणं याला काय म्हणतात, मला सांगा. फुकटचे फक्त दोन. एक ग्रंथालयात आणि एक स्मशानात. म्हणून मी मार्ग असा आखलाय की दर वेळी आपण स्मशानावरूनच जाऊ."

"किल्ल्यावरून स्मशान उलट्या दिशेला आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवस ती फोनवर त्या शहराचा नकाशा बघत होती, तिला गल्ल्या पाठ होत्या.

"असेल. पण किल्ल्यासाठी थांबता येतं, या कामाला नाही."

"आणि माझं मशीन?" काकू म्हणाल्या.

"काकू, मशीन यांच्या कोटात बसेल," वन्सं म्हणाल्या.

नेमकी त्याच वेळी भावोजींच्या चेहऱ्यावर ती छटा आली. वन्संनी ती ओळखली, संसार केलेला. "उठा लवकर," त्या म्हणाल्या. भावोजी उठले, खुर्चीही उठली. वन्संनी मागून खुर्ची ओढली, काकूंनी पुढून भावोजी ओढले, शेवटी सुटका झाली आणि ते बाथरूमकडे पळाले. आतून थोड्या वेळाने दबका आवाज आला. "वरची पँट उघडली. आतल्या पँटीची चेन वरच्या शर्टात अडकलीय."

"कुठल्या शर्टात?"

"तिसऱ्या दिवसाच्या."

वन्सं कात्री मागत बाथरूमकडे धावल्या. काकू दाराबाहेरून सल्ले द्यायला लागल्या. आतून कापड फाटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ शांतता, मग सुटकेचा एक निःश्वास, जो आयुष्यात पैसे न देता मिळणाऱ्या मोजक्या गोष्टींतला असतो.

या सगळ्या गोंधळात भट्टीवाला बसल्या जागी झोपून गेला. हनुवटी छातीवर, हातात फोन, फोनवर त्यांची ती खोली. पलंग, खुर्ची, खिडकी. खाली दोन बटणं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण रागालाही थोडी विश्रांती झालेली लागते.

सगळे परत येऊन बसले. भावोजी आता खुर्चीऐवजी चादरीवर मधोमध, कंबरेला कोटातला टॉवेल लावून. "चला," वन्सं म्हणाल्या, "बाळला सांग, रद्द दाब म्हणावं. संध्याकाळ होत आली. मग ती पाचांची पक्की करते."

"झोपलेत," ती म्हणाली.

"मग उठव."

तेव्हा तिच्या मनात एक आलं. काम जरा लबाडीचं होतं, पण दुसरं काही उरलंही नव्हतं. "उठवायला नको," ती म्हणाली. "झोपेत विचारलेलं ते खरं सांगतात. गॅसचं, भाड्याचं, सगळं मी असंच विचारते."

"लहानपणीसुद्धा सांगायचा," वन्सं कौतुकाने काकूंना म्हणाल्या. "लाडू कोणी खाल्ला, तर झोपेत म्हणायचा, मी."

ती पुढे झाली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "अहो, राजधानीला कोण कोण जाणार?"

भट्टीवाल्याने ओठ हलवले. "आपण," तो म्हणाला. गोड हसला आणि परत घोरायला लागला.

वन्संनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. "बघा. झोपेतसुद्धा आपण म्हणतो. माझं बाळ ते."

बरोबर होतं त्याचं, शंभर टक्के बरोबर. बायकोने विचारल्यावर माणूस आणखी काय म्हणेल. विचारणारी तीच होती ना, मग ती आत, तो आत, दोघांचं 'आपण' पुरं झालं. झोपेतही त्याचं व्याकरण चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते विचारणारं माणूस.

चहाचे कप गोळा करायला ती वाकली. वाकलेलीच राहून, कपाकडे बघत म्हणाली, "वन्सं, तुम्ही विचारा ना एकदा. मी काय, रोजची. मोठ्या बहिणीने विचारलेलं वेगळं."

वन्संना ते पटलं. त्यांनी साडी सावरली, भावाच्या खुर्चीपाशी गेल्या आणि आवाज इतका मऊ केला की काकूंनीही मान वळवली. त्या आवाजात त्याला कधीकाळी गोष्टी सांगितल्या असतील, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या असतील. तिला त्या क्षणी वाटलं, नको, थांबवावं. पण तोंडातून शब्द फुटेना, आणि खरं तर फोडायचाही नव्हता.

"बाळ," वन्सं म्हणाल्या, "ताई विचारतेय. राजधानीला कोण कोण जाणार रे?"

"आम्ही," भट्टीवाला झोपेतून म्हणाला. मग, ताईला नीट कळावं म्हणून असेल, "आम्ही दोघं, ताई. ती दमलीय खूप."

भावोजींनी नकाशाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"दोघं म्हणजे मी धरून का?" काकूंनी विचारलं.

वन्सं सरळ उभ्या राहिल्या. पर्स घेतली, पर्सची चेन लावली. मग तिच्याकडे वळून, अगदी सभेत बोलावं तसं म्हणाल्या, "बरोबर आहे. आपण जावं. आपण दोघांनी अगदी सुखाने जाऊन यावं. आम्हाला काय, चुकून वाटलं."

म्हणजे त्या शब्दाची ही पण एक धार असते. दोन मिनिटांपूर्वी 'आपण'मध्ये पाच माणसं, पाय शेकायचं मशीन आणि अकरा चर्च बसली होती, आणि आता त्याच शब्दाने तिला पाटावर बसवून दूर सारलं होतं.

"वन्सं, तसं नाही," ती म्हणाली.

"तसंच आहे. झोपेत खोटं बोलत नाही तो." वन्सं दाराकडे निघाल्या. "चला, आपण आपल्या घरी जाऊ."

भावोजी टॉवेल धरून उठले, आणि काकूही उठल्या. काकू वन्संच्या मागे दोन मजले खाली उतरून गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं घर वर आहे. कठड्याला धरून त्या परत चढताना ऐकू येत होत्या. "या शब्दाने ना माझे गुडघे घेतले."

वन्सं मात्र अर्ध्या जिन्यातून परत आल्या. एकट्या. भावोजींची वरची पँट राहिली होती. ती हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"खोलीला खिडकी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. समोर भिंत आहे, पण उघडते."

"असू दे भिंत. त्याला हवा लागते. खिडकी बंद असली की रात्रभर कूस बदलतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही जाऊ नंतर कधीतरी. आम्ही आमचं बघू."

पहिल्यांदाच त्या 'आम्ही'च्या बाहेरच्या बाजूला ती उभी होती. बारीकसं टोचलं. इतकी वर्षं ऐकला होता तो शब्द, पण असा नव्हता ऐकला.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही आधी कधी विचारलंत का कोणाला, मला दोन दिवस झोपू द्या म्हणून?"

वन्संनी तिच्याकडे बघितलं. "मला कोण देणार होतं," त्या म्हणाल्या. "विचारून काय करू." आणि पँट काखेत मारून खाली उतरल्या. पण जाताना दार त्यांनी हळू लोटलं, झोपलेल्या माणसाच्या घरचं लोटतात तसं.

तिने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि 'नक्की'वर बोट ठेवलं. फोनने विचारलं, खात्री आहे का. तिने परत ठेवलं.

भट्टीवाला जागा झाला तेव्हा उजेड उतरत होता. "गेले सगळे?" त्याने विचारलं. "रागावली का ताई?"

"थोडी."

"तू बोललीस?"

"मी नाही. तुम्ही बोललात. आम्ही दोघं, म्हणालात."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "झोपेत?"

"झोपेत."

"मग बरोबर. जागेपणी आपल्याच्याने झालं नसतं."

जमिनीवरची चादर तशीच पडली होती, चहाचे डाग, मध्ये भावोजी बसल्याचा भलामोठा चुरगळा. तिने एक टोक उचललं, त्याने न सांगता दुसरं उचललं. लॉन्ड्रीत हे काम ती दिवसभर करायची, एका अबोल बाईबरोबर, टोकाला टोक लावायला एकमेकींकडे चालत जायचं आणि परत मागे. घरी कधी समोर कोणी नसायचं, म्हणून घरच्या चादरी वेड्यावाकड्या. आज तो समोर होता. चालत आला, टोकं तिच्या हातात दिली. हाताला पिठाचा वास.

"उद्या ताईला फोन करतो," तो म्हणाला.

"करा. पण मी समोर असताना."

तो कपडे घालायला लागला. रविवार असला तरी लोकांना सोमवारी पाव लागतो. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने विचारलं, "त्या खोलीत खुर्ची एकच आहे नाही?"

"एकच."

"मग एक बसेल, एक झोपेल. सवय आहेच."

"नाही," ती म्हणाली. "खुर्चीवर कपडे ठेवायचे."

त्याने मान डोलावली. किल्ली तिच्या हातात दिली, आणि दारातून वळून म्हणाला, "मग किल्ला कधी बघायचा आपण?"

सवयीने तिने मागे वळून बघितलं, आणखी कोणी आत येऊन बसलंय का. खोलीत कोणी नव्हतं. घडी घातलेली चादर होती फक्त.

"बघू," ती म्हणाली, आणि त्याच्या खळग्यात आडवी झाली.